विमानाचा ठावठिकाणा

आकाशात विमान नेमके कुठे आहे, हे जमिनीवर कळवण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे वैमानिकाने ते रेडिओवर बोलून सांगणे. हवाई मार्गावर ठरावीक बिंदू आखलेले असतात आणि त्यांना पाच अक्षरांची, उच्चारायला सोपी, बहुधा अर्थ नसलेली नावे दिलेली असतात. असा बिंदू ओलांडला की वैमानिक कळवतो: अमुक बिंदू, अमुक वाजता, उंची इतकी, पुढचा बिंदू अमुक, तिथे अमुक वाजता पोहोचू. नियंत्रक ते समोरच्या कागदी पट्टीवर टिपून घेतो. एकाखाली एक लावलेल्या त्या पट्ट्या हेच त्याचे आकाश.

अरबी समुद्रावर ही रीत अजून पुरती संपलेली नाही. नेहमीच्या व्हीएचएफ रेडिओच्या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे किनाऱ्यापासून साधारण चारशे किलोमीटरच्या पलीकडे हा रेडिओ चालत नाही. तिथून पुढे एचएफ लहरींचा आधार घ्यावा लागतो. त्या वातावरणाच्या वरच्या थरातल्या आयनांबरावर आपटून परत खाली येतात आणि हजारो किलोमीटर जातात, पण वाटेत भरपूर खरखर गोळा करतात. 'मुंबई रेडिओ' या नावाने हाक मारून, खरखरीतून आकडे दोनदा सांगून, ते समोरच्याकडून परत वदवून घेऊन निरोप पोहोचवणे हे वैमानिकांच्या कित्येक पिढ्यांचे रोजचे काम होते.

या पद्धतीत चूक अशी काही नाही, तिचा दोष फक्त संथपणाचा. ताशी ८५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान मिनिटाला १४ किलोमीटर कापते. दोन निरोपांमध्ये अर्धा तास गेला तर विमान सव्वाचारशे किलोमीटर पुढे गेलेले असते, आणि मधल्या काळात ते कुठे असेल याचा जमिनीवर केवळ अंदाज असतो. अंदाजावर विमाने चालवायची तर त्यांच्यात अंतर भरपूर ठेवावे लागते. एकाच उंचीवर एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत दहा मिनिटे ठेवायची म्हटले तरी १४० किलोमीटर झाले, म्हणजे जवळजवळ मुंबई-पुणे रस्त्याइतके. रडार, ट्रान्सपाँडर, उपग्रह ही पुढची सगळी खटपट या एका अंतरापायी झालेली आहे.

रडार: पाहणे आणि विचारणे

रडारने जमिनीला स्वतःचे डोळे दिले. प्राथमिक रडार जोरदार लहर सोडते, ती विमानाच्या धातूवर आपटून परतते, आणि जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर व अँटेनाच्या तोंडावरून दिशा कळते. यात विमानाचे सहकार्य लागत नाही, त्याची इच्छासुद्धा लागत नाही. पण पडद्यावर दिसतो तो एक ठिपका. तो कोणत्या विमानाचा आहे हे ठिपका सांगत नाही, आणि वाहतूक नियंत्रणाचे नेहमीचे प्राथमिक रडार उंचीही सांगत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न जिवावरचा झाला होता: ठिपका आपल्या विमानाचा की शत्रूच्या? त्यावर उपाय म्हणून विमानात एक पेटी बसवण्यात आली. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न आला की ती आपोआप सांकेतिक उत्तर देई. युद्ध संपल्यावर हीच कल्पना नागरी विमानांकडे आली. विमानातली पेटी म्हणजे ट्रान्सपाँडर आणि जमिनीवरचा प्रश्नकर्ता म्हणजे दुय्यम रडार. नाव दुय्यम असले तरी वाहतूक नियंत्रणाचा मुख्य भार आज त्याच्यावरच आहे.

प्रश्न १०३० मेगाहर्ट्झवर विचारला जातो, उत्तर १०९० मेगाहर्ट्झवर येते. जगभर हेच दोन आकडे. प्रश्नात शब्द नसतात, फक्त ठोके असतात. दोन ठोक्यांमध्ये ८ मायक्रोसेकंदांचे अंतर असेल तर त्याचा अर्थ 'तू कोण?', आणि २१ मायक्रोसेकंदांचे असेल तर 'किती उंचीवर?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार आकडी असते. हा आकडा नियंत्रकाने दिलेला असतो आणि वैमानिकाने तो कॉकपिटमध्ये लावलेला असतो; बोलीभाषेत त्याला स्क्वॉक म्हणतात. त्यात ८ आणि ९ हे अंक येतच नाहीत, म्हणून असे संकेत एकूण ४,०९६ एवढेच. त्यातले तीन जगभर राखून ठेवलेले आहेत: ७५०० म्हणजे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे आणीबाणी. वैमानिकाला एक शब्दही न बोलता हे कळवता येते.

उंची कळणे न कळणे यात किती फरक आहे, हे भारताने फार मोठी किंमत मोजून पाहिले. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ वर चढत होते आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरत होते. त्या वेळी येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच मार्गिका होती. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजारांवर. मध्ये हजार फूट ठेवलेले होते. कझाक विमान आपल्या उंचीवर न थांबता खाली आले आणि हरयाणातल्या चरखी दादरी गावाजवळ दोन्ही विमाने धडकली. ३४९ माणसे गेली, वाचले कोणीही नाही. दिल्लीच्या नियंत्रकासमोर तेव्हा फक्त प्राथमिक रडार होते. दोन ठिपके जवळ येताना त्याला दिसत होते, पण मधले हजार फूट नाहीसे झाले आहेत हे दिसण्याची सोयच नव्हती. चौकशी आयोगाने ठपका उंची मोडणाऱ्या विमानावर ठेवला आणि तो योग्यच होता. तरीही दुय्यम रडार चालू असते तर ती चूक पडद्यावर आकड्यांत उमटली असती, ही गोष्ट उरतेच.

दुय्यम रडारची स्वतःचीही एक अडचण होती. प्रश्न विचारला की अँटेनासमोरची सगळी विमाने एकदम उत्तर देत. वर्गात 'हजर' म्हणायला सगळ्यांनी एकाच वेळी तोंड उघडावे तसे होई. जवळजवळच्या दोन विमानांची उत्तरे एकमेकांत मिसळून भलताच आकडा तयार होई. यावर तोडगा निघाला तो मोड एस या पद्धतीचा. यात प्रत्येक विमानाला २४ बिटांचा स्वतःचा पत्ता मिळाला आणि रडार एकेकाला नाव घेऊन विचारू लागले. असे पत्ते जगात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने ते देशांना वाटून दिले आहेत. भारताच्या वाट्याला २ लाख ६२ हजार १४४ आले आणि द्विमान पद्धतीत लिहिले तर त्यातला प्रत्येक पत्ता १००००० या सहा अंकांनी सुरू होतो. भारतीय विमानाच्या शेपटीजवळ 'व्हीटी' अक्षरे रंगवलेली असतात, तसाच हा रेडिओवरचा वाहन क्रमांक.

न विचारता सांगणे

फिरणाऱ्या रडारची मर्यादा त्याच्या फिरण्यातच आहे. विमानतळाजवळचे रडार एक फेरी चार-पाच सेकंदांत पुरी करते, लांब पल्ल्याच्या रडारला दहा-बारा सेकंद लागतात. बारा सेकंदांत विमान पावणेतीन किलोमीटर पुढे जाते. शिवाय रडार महाग, त्याला उंच जागा लागते, वीज लागते, आणि डोंगराआड त्याला दिसत नाही.

दरम्यान विमानात जीपीएस आले होते. आपण कुठे आहोत हे विमानाला काही मीटरांपर्यंत अचूक ठाऊक होऊ लागले. मग जमिनीने ते मोजण्याची यातायात का करायची? विमानानेच सांगत राहावे. या विचारातून एडीएस-बी पद्धत निघाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावातले चार शब्द ऑटोमॅटिक, डिपेंडन्ट, सर्व्हेलन्स आणि ब्रॉडकास्ट. पाळत ठेवायची, पण आपोआप; माहिती एकाला नाही तर सर्वांना, म्हणजे दवंडी पिटल्यासारखी. उरलेला 'डिपेंडन्ट' हा शब्द सर्वांत प्रामाणिक आहे. ही पाळत परावलंबी आहे. विमान जे सांगेल तेच जमिनीला कळणार.

दवंडी १०९० मेगाहर्ट्झवरच पिटली जाते, त्याच ट्रान्सपाँडरमधून. एका संदेशाची लांबी ११२ बिट. आधी ८ मायक्रोसेकंदांची सूचना आणि नंतर ११२ मायक्रोसेकंदांत मजकूर, म्हणजे सगळा कारभार सेकंदाच्या आठ हजाराव्या भागाच्या आत आटोपतो. ११२ पैकी पहिले पाच बिट संदेशाचा प्रकार सांगतात, पुढचे तीन ट्रान्सपाँडरची कुवत, मग २४ बिटांचा पत्ता, मग ५६ बिटांचा खरा मजकूर आणि शेवटी पडताळणीचे २४ बिट. वाटेत एखादा बिट बिघडला तर पडताळणीचा हिशेब जुळत नाही आणि रिसीव्हर तो संदेश टाकून देतो. हवेतले विमान आपले स्थान सेकंदाला दोनदा सांगते, वेग व दिशाही दोनदा, आणि उड्डाणाचा क्रमांक पाच सेकंदांतून एकदा. दोन संदेशांतले अंतर मुद्दाम थोडे कमीजास्त ठेवलेले असते. ठोका अगदी ठरलेला असता तर एकदा एकमेकांवर आपटलेले दोन विमानांचे संदेश पुढेही दर वेळी आपटत राहिले असते.

५६ बिटांत स्थान बसवण्याची युक्ती थोडे थांबून पाहण्याजोगी आहे. पृथ्वीवरची जागा पाच मीटरपर्यंत अचूक सांगायची तर अक्षांशाला २२ आणि रेखांशाला २३ बिट लागतात. एडीएस-बी दोन्हींना प्रत्येकी १७ च देते. त्यासाठी पृथ्वीचे पट्टे पाडलेले आहेत आणि संदेशात पट्ट्याचा क्रमांक सांगितलाच जात नाही. पट्ट्याच्या आत विमान किती पुढे आहे एवढेच सांगितले जाते. 'स्टेशनपासून तिसऱ्या गल्लीत' असे म्हणावे पण स्टेशन कोणते ते सांगू नये, तसा हा पत्ता. अक्षांशाचा एक पट्टा ६ अंशांचा, म्हणजे सुमारे ६६७ किलोमीटर रुंद. १७ बिटांनी त्याचे १ लाख ३१ हजार ७२ भाग होतात, प्रत्येक भाग पाच मीटरांचा.

मग पट्टा कोणता, हे कसे कळायचे? विमान आलटून पालटून दोन मापांनी मोजते. सम संदेशात पृथ्वीभोवती ६० पट्टे धरलेले असतात, विषम संदेशात ५९. समजा विमान पुण्याजवळ १८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ६ अंशांच्या पट्ट्यांनी मोजले तर १८ अंशांपर्यंत तीन पट्टे पुरे होतात आणि चौथ्यात ते एक दशांश, म्हणजे ०.१ इतके आत आहे. सम संदेशात १३,१०७ हा आकडा जातो. ५९ पट्ट्यांनी मोजले तर एक पट्टा ६.१०१७ अंशांचा होतो आणि विमान चौथ्यात ०.०४८३३ इतके आत येते. विषम संदेशात ६,३३५ हा आकडा जातो. आता रिसीव्हर पहिल्या अपूर्णांकाला ५९ ने गुणतो, ५.९ येतात. दुसऱ्याला ६० ने गुणतो, २.९ येतात. वजाबाकी ३. म्हणजे सहा-सहा अंशांचे तीन पट्टे पुरे झाले आहेत: १८ अंश, अधिक ६ चा दशांश, एकूण १८.६. दोन निरनिराळ्या भाजकांनी उरलेल्या बाक्यांवरून मूळ संख्या काढण्याचा प्रश्न भारतीय गणिताला नवा नाही. आर्यभटाने त्याची रीत दिली आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त त्यावर कुट्टक नावाचे प्रकरणच आहे. एकदा पट्टा कळला की पुढे एकेक संदेश पुरतो, कारण अर्ध्या सेकंदात विमान सहाशे किलोमीटर उडी मारू शकत नाही.

उंची मात्र जीपीएसची नसते. विमान बाहेरच्या हवेचा दाब मोजते आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल हा ठरीव दाब पाया धरून उंची सांगते, बहुधा २५ फुटांच्या पायऱ्यांत. ही उंची खऱ्या उंचीहून शेकडो फुटांनी वेगळी असू शकते. पण सगळी विमाने एकाच चुकीच्या पट्टीने मोजत असल्यामुळे त्यांच्यातले अंतर बरोबर राहते, आणि नियंत्रकाला हवे असते ते अंतरच.

जमिनीवरची वाटणी

एडीएस-बीचे जमिनीवरचे केंद्र पाहिले तर निराशाच होते. न फिरणारा एक दांडा, खाली एक पेटी आणि एक केबल. ३५ हजार फुटांवरचे विमान त्याला सव्वाचारशे किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते. रडारच्या तुलनेत खर्च अगदी थोडा, म्हणून जिथे रडार बसवणे परवडत नव्हते किंवा शक्यच नव्हते तिथे ही पद्धत आधी रुजली. ऑस्ट्रेलियाच्या निर्जन मध्यभागात असे खांब उभे राहिले आणि डिसेंबर २०१३ पासून तिथल्या वरच्या आकाशात एडीएस-बी सक्तीचे झाले. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर अँटेना लावल्या. अमेरिकेत बहुतेक गजबजलेल्या आकाशासाठी सक्ती आली ती १ जानेवारी २०२० ला. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने देशात २१ ठिकाणी ही केंद्रे बसवली.

केंद्रात आलेल्या प्रत्येक संदेशावर आधी वेळेचा शिक्का बसतो. मग तो ॲस्टेरिक्स नावाच्या ठरावीक साच्यात घातला जातो. युरोपच्या युरोकंट्रोल या संस्थेने हा साचा बनवला आणि तो जगभर वापरला जातो. त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला क्रमांक आहे: एडीएस-बीचा संदेश २१ व्या वर्गात, रडारचा ४८ व्या. हे सगळे दूरसंचार वाहिन्यांवरून नियंत्रण केंद्राच्या संगणकात येते. एकच विमान दोन रडारना आणि तीन एडीएस-बी केंद्रांना दिसत असते, आणि पाचही जण थोडी वेगवेगळी जागा सांगतात. कोणाचे म्हणणे किती ताजे आणि किती भरवशाचे हे तोलून संगणक त्यांचा मिळून एकच माग तयार करतो. तो ६२ व्या वर्गात बसतो आणि नियंत्रकाच्या पडद्यावर उमटतो.

पडद्यावर विमानाशेजारी एक छोटी चिठ्ठी लटकलेली दिसते. वरच्या ओळीत उड्डाणाचे नाव. खालच्या ओळीत ३५० असा काहीतरी आकडा, म्हणजे ३५ हजार फूट. शेजारी वर किंवा खाली बाण, आणि मग वेग. चिठ्ठीत जायचे ठिकाण दिसते ते मात्र विमानाने सांगितलेले नसते. उड्डाणापूर्वी कंपनीने भरलेल्या उड्डाण-आराखड्यातून ते येते, आणि हे आराखडे केंद्रांमध्ये पोहोचवणारी संदेशवाटपाची यंत्रणा वेगळी असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ही यंत्रणा बिघडली. बिघाड रडारचा नव्हता, रेडिओचाही नव्हता. तरीही आराखडे हाताने हाताळावे लागले आणि शेकडो उड्डाणे रखडली. ठिपका कुठे आहे एवढे कळून भागत नाही, तो कुठे निघाला आहे हेही लागते.

वाटणी उलट दिशेनेही होते. अमेरिकेत १८ हजार फुटांखाली उडणाऱ्या छोट्या विमानांना ९७८ मेगाहर्ट्झची वेगळी वाहिनी वापरायची मुभा आहे. एक विमान ९७८ वर बोलणारे आणि दुसरे १०९० वर, तर ती एकमेकांना ऐकणार कशी? जमिनीवरची केंद्रे मध्ये दुभाष्याचे काम करतात: एका वाहिनीवर ऐकलेले दुसरीवर पुन्हा सांगतात. जी विमाने फक्त रडारला दिसतात त्यांची जागाही ही केंद्रे वर पाठवतात, सोबत हवामानाची माहितीही देतात. छोट्या विमानाच्या वैमानिकाला जे चित्र पूर्वी फक्त नियंत्रकाला दिसे, ते त्यामुळे मांडीवरच्या टॅब्लेटवर दिसू लागले.

मोठ्या विमानांत एकमेकांना ओळखण्याची सोय त्याही आधीपासून आहे. टीकॅस ही यंत्रणा जमिनीला न विचारता आसपासच्या ट्रान्सपाँडरना स्वतः प्रश्न विचारते आणि टक्कर जवळ आली तर एका विमानाला 'वर चढा', दुसऱ्याला 'खाली उतरा' असे सांगते. चरखी दादरीनंतर भारताने ती सक्तीची केली. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर एका रशियन विमानाला टीकॅसने चढायला सांगितले आणि नियंत्रकाने उतरायला. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. समोरचे मालवाहू विमान टीकॅसचे ऐकून उतरतच होते. ७१ जण गेले. यंत्र आणि माणूस यांचे म्हणणे वेगळे निघाले तर यंत्राचे ऐकावे, असा निःसंदिग्ध नियम त्यानंतर झाला.

समुद्र ओलांडताना

खांब भर महासागरात रोवता येत नाहीत. तिथे दवंडी ऐकायला कोणीच नसते, म्हणून पत्रव्यवहार करावा लागतो. १९७८ पासून चालू असलेल्या एकार्स या पद्धतीने विमान आणि कंपनी एकमेकांना छोटे मजकूर पाठवतात, किनाऱ्याजवळ व्हीएचएफवर आणि समुद्रावर उपग्रहामार्फत. १९९५ मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावर बोइंग ७४७-४०० विमानांनी याच टपालातून नियंत्रकांशीही व्यवहार सुरू केला. त्यातल्या स्थान कळवण्याच्या भागाला एडीएस-सी म्हणतात. इथला 'सी' कराराचा. जमिनीवरचे केंद्र विमानाशी करार करते: इतक्या मिनिटांनी जागा कळव, उंची सोडलीस किंवा मार्ग सोडलास तर लगेच कळव. करार संगणकांमध्ये होतो, वैमानिकाला त्यात हात घालावा लागत नाही. मुंबईच्या समुद्री हद्दीतही ही सोय आहे. एचएफवरच्या खरखरीतून तीच मोठी सुटका ठरली.

दवंडी आणि पत्र यांतला फरक १ जून २००९ ला दिसला. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण अटलांटिकवर कोसळले, २२८ जण गेले. विमान दर दहा मिनिटांनी आपली जागा कंपनीला कळवत होते. शेवटची जागा आली ती पहाटे दोन वाजून दहा मिनिटांची, आणि विमान पाण्यावर आदळले ते त्यानंतर साडेचार मिनिटांच्या आत. तेवढ्या अनिश्चिततेमुळे शोधाचे वर्तुळ ७४ किलोमीटर त्रिज्येचे झाले. अवशेष सापडायला जवळजवळ दोन वर्षे लागली. एप्रिल २०११ मध्ये ते ३,९०० मीटर खोलीवर मिळाले, शेवटच्या कळवलेल्या जागेपासून जेमतेम बारा किलोमीटरवर.

८ मार्च २०१४ ला मलेशियाचे ३७० क्रमांकाचे उड्डाण २३९ जणांसह नाहीसे झाले. रात्री एक वाजून एकवीस मिनिटांनी त्याचा ट्रान्सपाँडर गप्प झाला आणि मलेशिया व व्हिएतनाम यांच्या सीमेवर ते नागरी पडद्यावरून पुसले गेले. पुढे तासभर ते दिसत राहिले ते लष्कराच्या प्राथमिक रडारला, ज्याला विमानाचे सहकार्य लागत नाही. त्यानंतर उरला तो उपग्रहाशी दर तासाला होणारा 'आहेस का?' 'आहे' एवढाच आपोआप संवाद. त्यात जागा नव्हती. अभियंत्यांनी उत्तराला लागलेल्या वेळावरून उपग्रहापासूनचे अंतर काढले आणि हिंदी महासागरावर सात चाप आखले. या दुर्घटनेनंतर विमानाची जागा निदान दर पंधरा मिनिटांनी कंपनीला कळली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक नोव्हेंबर २०१८ पासून लागू झाला.

समुद्रावर दवंडी ऐकण्याचा उपाय शेवटी वरून निघाला. २०१७ ते २०१९ या काळात सोडलेल्या नव्या पिढीच्या इरिडियम उपग्रहांवर एडीएस-बी ऐकणारे रिसीव्हर बसवलेले आहेत. ७८० किलोमीटर उंचीवरचे ६६ उपग्रह मिळून ध्रुवांसकट सगळी पृथ्वी व्यापतात. विमानात काहीच बदलावे लागले नाही: तीच १०९० ची दवंडी, विमानाच्या पोटावरच्या आणि पाठीवरच्या अँटेनांतून आळीपाळीने सुटणारी. पाठीवरची वर ऐकू जाते. एअरियन ही कंपनी २०१९ च्या वसंतापासून ही माहिती वेगवेगळ्या देशांच्या नियंत्रकांना पुरवते आणि उत्तर अटलांटिकवर विमानांतली अंतरे त्यामुळे पुष्कळच कमी करता आली.

शब्दावर विश्वास

या दवंडीला कुलूप नाही. संदेश कोणीही ऐकू शकतो, कारण तो सर्वांनी ऐकावा म्हणूनच आहे. संगणकाला लावायचा दूरदर्शन प्रक्षेपणाचा स्वस्त रिसीव्हर आणि हातभर तार एवढ्यावर घराच्या गच्चीतून दोनशे किलोमीटरवरची विमाने टिपता येतात. २००६ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेले, विमानांचा माग दाखवणारे फ्लाइटरडार२४ हे संकेतस्थळ अशाच हजारो गच्च्यांवर उभे आहे. मात्र ऐकणे सोपे तसे खोटे बोलणेही फारसे अवघड नाही. संदेशावर सही नसते, आणि हवेत नसलेल्या विमानाची दवंडी पिटता येते हे संशोधकांनी २०१२ मध्येच दाखवले.

त्याहून रोजचा धोका जीपीएसच्या फसवणुकीचा आहे. खोटे जीपीएस संकेत सोडले की विमान स्वतःच चुकते आणि मग चुकीची जागा अगदी प्रामाणिकपणे सांगत राहते. पश्चिम आशियाच्या आकाशात २०२३ पासून हे वारंवार घडते आहे, आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या आसपास असे प्रकार झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. सिग्नल नुसता दाबून टाकला तर विमान तसे कळवते, कारण संदेशात जागेचा भरवसा किती हे सांगणारा आकडा असतो. फसवणुकीत तो आकडाही चांगलाच दिसू शकतो.

म्हणून विमानाचा शब्द पडताळून घ्यावा लागतो. एक उपाय बहुबिंदू मापनाचा. एकच संदेश चार केंद्रांना थोड्या थोड्या फरकाने पोहोचतो आणि त्या फरकांवरून तो कुठून सुटला हे काढता येते, मग संदेशात काहीही लिहिलेले असो. लहर मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणून केंद्रांची घड्याळे सेकंदाच्या काही अब्जांश भागांपर्यंत जुळलेली असावी लागतात. दुसरा उपाय जुनाच आहे. दुय्यम रडार विमानाची जागा स्वतः मोजते, त्याला जीपीएस लागत नाही; आणि ट्रान्सपाँडरच बंद पडला किंवा बंद केला तरी प्राथमिक रडारला ठिपका दिसतोच. मोठ्या विमानतळांजवळ या दोन्ही अँटेना एकाच मनोऱ्यावर बसवलेल्या असतात: खाली वाकलेली मोठी जाळी प्राथमिकची, तिच्या डोक्यावर आडवी लांब पट्टी दुय्यमची, आणि दोन्ही एकत्र फिरत असतात.